दुपारी दोन वाजता घरी येणं

हे लिहायला मला चार महिने लागले. मी मुळातच सावकाश लिहितो, आणि मधले काही दिवस असे गेले की एक वाक्य लिहून वही मिटली. तरी लिहिलं, कारण आजारी असताना मला असं काही वाचायला मिळालं नव्हतं. डॉक्टरांनी लिहिलेलं पुष्कळ होतं, नर्सनी लिहिलेलं सापडलं नाही. मी हैदराबादेतल्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात नर्स आहे. पुरुष नर्सला तिथं ब्रदर म्हणतात. सत्तावीस वर्षं मी श्रीधर ब्रदर आहे.

आधीच सांगून टाकतो, मी आता बरा आहे. घाबरलेल्या वाचकाला शेवटासाठी ताटकळत ठेवू नये. पण मधे एक काळ असा होता की मला पुन्हा वॉर्डात काम करता येईल का, आणि करता आलंच तर तिथून घरी परत येता येईल का, हे मला ठाऊक नव्हतं. दोन्हींत दुसरं जास्त अवघड होतं. का, ते सांगतो.

आमची पद्धत

मी नर्सिंगला गेलो तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. शहरात काचेच्या भिंतींचे दवाखाने उघडत होते आणि वर्गातली सगळी मुलं कम्प्युटर शिकत होती. माझे वडील काचीगुड्याच्या शाळेत मराठी शिकवायचे. ते म्हणाले, "अरे, सगळे कम्प्युटरकडे चाललेत, तू इंजेक्शनकडे कशाला?" मला माणसांजवळ बसायला आवडायचं, आणि फार बोलावं लागू नये असंही वाटायचं. नर्सिंगमध्ये दोन्ही जमतं.

नर्सची ड्युटी संपते, पेशंटचा आजार संपत नाही. म्हणून आमच्यात हॅन्डओव्हर असतो. जाणारा आणि येणारा, दोघं एकेका बेडपाशी उभे राहतात. जाणारा सांगतो, काय दिलं, काय द्यायचं, कशाकडं लक्ष ठेवायचं. येणारा ऐकतो, विचारतो, आणि मग पुढच्या बेडकडे जायचं. शेवटचा बेड झाला की जाणारा मोकळा.

कोविडच्या दिवसांत आम्ही डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकच्या किटमध्ये असायचो. समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, चेहरा दिसायचा नाही. त्याला कळलं की नुसती मान हलवतोय, हेही समजायचं नाही. तेव्हा यादगिरीनं वॉर्डाला एक सवय लावली. बेड घेणाऱ्यानं छातीवर हात ठेवायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "मेरा." तोवर जाणाऱ्यानं हलायचं नाही.

यादगिरी

तो माझ्याबरोबर एकोणीस वर्षं होता. अंबरपेटचा, बुटका, पोट सुटलेला. नवं किट पोटाशी फाटायचं आणि तो कंपनीच्या नावानं तेलुगूत शिव्या घालायचा. किटवर पाठीमागं मार्करनं नाव लिहायची पद्धत होती. माझ्या पाठीवर तो 'पंतुलु' लिहायचा. पंतुलु म्हणजे मास्तर, कारण जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक उघडायचो. स्वतःच्या पाठीवर तो 'पेळ्ळिकोडुकु' म्हणजे नवरदेव असं लिहून घ्यायचा. लग्नात घामाघूम झालो होतो तसाच इथं होतो, म्हणायचा. ऑक्सिजनवरच्या आज्या त्याला विचारायच्या, "काय रे, लग्न कधी?" तो म्हणायचा, "अम्मा, तू उठून बसलीस की मुहूर्त."

दुसऱ्या लाटेत तो आजारी पडला. आमच्याच वॉर्डात, नऊ नंबरच्या बेडवर. अकराव्या दिवशी बरा दिसत होता. ऑक्सिजन कमी केला होता. दुपारचे दोन वाजले, माझी ड्युटी संपली. हॅन्डओव्हर घ्यायला शबाना आली होती, सत्तावीस वर्षांची, हुशार, चटचट काम करणारी सिस्टर. आम्ही नऊ नंबरशी आलो आणि चार नंबरचा अलार्म वाजला. ती तिकडं पळाली. मी तिला लांबूनच यादगिरीचे आकडे सांगितले. तिनं मान हलवली. मी तिच्या "मेरा"साठी थांबलो होतो, तेवढ्यात यादगिरी मास्कमधून म्हणाला, "पंतुलु, निकल. भाभी खाना लेके बैठी होंगी."

मी निघालो. साडेपाच वाजता वॉर्डातून फोन आला.

गेटपासून परत

लाट असताना मला काही झालं नाही. लाट ओसरली आणि मी आजारी पडलो. आमच्यापैकी पुष्कळांचं असंच झालं, हे मला नंतर कळलं.

सुरुवात साधी होती. दोन वाजता हॅन्डओव्हर द्यायचो, कपडे बदलायचो, गेटपर्यंत यायचो आणि परत फिरायचो. सहा नंबरची सलाइन सांगितली का? सांगितली होती. पुन्हा गेटपर्यंत. दोन नंबरच्या बाईंची ऍलर्जी? तीही सांगितली होती. घरी पोचायला चार वाजू लागले, मग पाच. घरून मी वॉर्डात फोन करायचो. आधी एकदा, मग सात-आठ वेळा. पोरं माझा नंबर बघून एकमेकांना म्हणायची, "ब्रदर का फोन आया, घडी मिला लो." सगळ्यात जास्त विचारायचो ते नऊ नंबरबद्दल. तिथं कुणीही असो, किडनी स्टोन असो की मोडलेला पाय.

घरात ऑक्सिमीटर होता. मुलगी गौरी ऑनलाइन क्लासला बसली की मी हळूच येऊन तिच्या बोटाला लावायचो. ती म्हणायची, "बाबा, लाइट लो ना. ज्योग्राफीनं कुणाचा ऑक्सिजन कमी होत नाही." इथल्या पोरांत 'लाइट लो' म्हणजे मनावर घेऊ नका.

मला मनावर घेण्याखेरीज दुसरं काही जमत नव्हतं. पुस्तकाची एक ओळ दहादा वाचायचो. जेवणाला चव नव्हती, आणि ती कोविडनं गेलेली नव्हती, मला तो कधी झालाच नव्हता. बायको, शोभा, फार सोसणारी आहे. तीही एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही घरी आहात की वॉर्डात, एकदा काय ते ठरवा." शेजाऱ्यांना ती सांगायची की यांना बीपीचा त्रास आहे. खरं सांगायची लाज वाटत होती, हे तिनं मला नंतर स्वतःहून सांगितलं. मला तिचा राग आला नाही. मीही तेच सांगत होतो.

छातीत दुखलं तो दिवस

एका सकाळी औषधांची ट्रॉली ढकलताना छातीत कळ आली, हात बधिर झाले, घाम फुटला. दवाखान्यात काम करणाऱ्याला दवाखान्यात काही झालं की फार हाल होतात, कारण एका मिनिटात दहा जण उपचार करायला येतात. एकानं बीपी लावलं, दुसऱ्यानं दुसऱ्या हाताला लावलं. तिसरीनं जिभेखाली गोळी ठेवली. कुणीतरी म्हणालं, रिकाम्या बेडवर घ्या.

रिकामा होता तो नऊ नंबर.

त्यांनी मला टेकवलं मात्र, मी उठून चालू लागलो, छातीला ईसीजीच्या तारा लटकत असताना. मागून टेक्निशियन मशीन ओढत येत होता आणि म्हणत होता, "ब्रदर, जरा हल्लू चलो, ग्राफ बिगड रहा." शेवटी माझा ईसीजी कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर निघाला.

मेडिसिनच्या डॉक्टरांनी तो पाहिला, दोन तासांनी दुसरा पाहिला, रक्त तपासलं. मग दार लावून घेतलं. "श्रीधर, तुझं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे. तू नऊ नंबरवर का झोपला नाहीस?"

मी छातीवरची जेली पुसत राहिलो. मग त्यांनी एका मानसोपचार डॉक्टरांचं नाव लिहून दिलं आणि म्हणाले, "मी जातो त्यांच्याकडे. दर गुरुवारी. कुणाला सांगू नकोस, किंवा सांग, मला आता फरक पडत नाही."

त्या चिठ्ठीनं मला जेवढा धीर आला तेवढा ईसीजीनं आला नव्हता.

खाला आणि साला

क्लिनिक सिकंदराबादला होतं. आमच्या काचीगुड्यापासून लांब, ओळखीचं कुणी भेटणार नाही. तरी मी दोन मास्क लावले आणि टोपी घातली. दारात सॅनिटायझरची बाटली होती. मी हात चोळले. शेजारी बुरखा आणि मास्क घातलेली एक बाई हात चोळत होती. आधी तळवे, मग बोटांच्या फटी, मग अंगठे वेगळे धरून, मग नखं, शेवटी मनगट. असे हात घरातला माणूस चोळत नाही. माझेही हात तेच करत होते आणि ती माझ्या हातांकडे बघत होती.

"श्रीधर ब्रदर?"

"कौन श्रीधर?" मी म्हणालो.

"आवाज भी वहीच है."

मी टोपी काढली. "शबाना, तू इधर कैसे?"

"मैं खाला को लेके आई."

"खाला किधर है?"

तिनं मावशी तिथं बसली असावी तसं रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं. "आते होंगे. तुम?"

"मैं साले को लेके आया."

"हौ. तो दोनों मिलके भाग गए क्या, मेरी खाला और तुम्हारा साला?"

आम्ही बसलो. यादगिरी गेल्यावर महिन्याभरात तिनं आमचा दवाखाना सोडला होता. आता दातांच्या दवाखान्यात होती. म्हणाली, तिथं कुणी मरत नाही, फक्त ओरडतात. यादगिरीचा विषय निघायचाच होता. माझ्यासारख्या माणसानं सुरुवात केली हे मला आजही खरं वाटत नाही, पण मीच केली.

"शबाना, वो नौ नंबर मैं तेरेकू दिया नै. तू 'मेरा' बोलने के पहले मैं निकल गया. वो मेरेपासइच रह गया."

"मैं बोली ना, ब्रदर. चार नंबर से पलट के, छाती पे हाथ रखके बोली. तुम्हारी पीठ थी. यादगिरी भाई देखे. मेरेकू अंगूठा दिखाए."

"मैं सुना नै."

"तुम नै सुने तो बेड मेरा नै हुआ क्या? साढे तीन घंटे मैंइच थी उधर. आखिर में हाथ मैं पकडी थी. वो बेड मेरा था. तुम कैकू लेके फिर रहे?"

"क्यूंकि मेरा था."

"मेरा था, ब्रदर."

"डेढ साल से मैं..."

"मेरेकू भी डेढ सालइच हुए."

आमचे आवाज चढले होते. काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अम्मा, बेड के वास्ते झगडा नक्को. इधर ऍडमिशनइच नै है."

शबाना आधी हसली. मग मी. मास्कच्या आत हसताना चष्म्यावर वाफ धरते, तो काढून पुसला, पुन्हा धरली. चिठ्ठीत नाव होतं त्या डॉक्टर वरलक्ष्मी दार उघडून बाहेर आल्या, साठीच्या, बारीक, कॉटनची साडी नेसलेल्या. म्हणाल्या, "इथं रडायचा आवाज येतो रोज. हा कसला?"

नाव

त्यांनी आम्हाला वेगवेगळं तपासलं. माझ्या आजाराला नाव होतं, आणि नाव आहे म्हणजे तो मी एकट्यानं शोधून काढलेला नाही, हे कळून मला फार बरं वाटलं. नैराश्य, आणि त्याबरोबर चिंतेचा आजार. त्या म्हणाल्या, यादगिरी गेल्याचं दुःख हा आजार नाही, ते राहू द्या. हे जे गेटपासून परत जाणं आहे, त्यावर आपण काम करू.

गोळ्या घ्याव्या लागतील म्हणाल्या. मी म्हणालो, गोळ्यांशिवाय जमलं तर बघतो.

"तुमचा पेशंट असं म्हणाला तर तुम्ही काय करता?"

"पाण्याचा ग्लास हातात देतो आणि समोर उभा राहतो."

त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला.

अंबरपेट

पुढच्या रविवारी शबाना आणि मी यादगिरीच्या घरी गेलो. तो गेल्यापासून मी तिथं गेलो नव्हतो. दाराशी माझे पाय अडले, तेव्हा शबानानं मागून हलकेच ढकललं. यादगिरीची बायको पद्मा दार उघडून म्हणाली, "आले का? मला वाटलं रस्ता विसरले." तिनं सकिनालु पुढं ठेवले. तांदळाच्या पिठाचा, चकलीसारखा तळलेला पदार्थ. आम्ही आळीपाळीनं तिला सगळं सांगितलं, कोणाचा बेड, कोण निघालं, कोण थांबलं. माफी मागायची ती मागितली.

ती ऐकत होती आणि मधेच ताटलीत सकिनालु वाढत होती. मग म्हणाली, "अन्ना, तुम दोनों बेड लेके बैठे. आदमी तो मेरा था. जाते वक्त मेरेकू पूछके नै गया, तुम्हारी ड्युटी देखके जाता क्या?"

आम्ही तिघंही रडलो. पण त्यानंतर दोन तास जे झालं ते आठवून मला अजून हसू येतं. पद्मानं त्याच्या गोष्टी काढल्या. घरी त्याला भाजी चिरायला दिली की तो हातमोजे मागायचा. सासूच्या ताटाशी उभा राहून किती खाल्लं ते वहीत लिहायचा. निघताना तिनं शबानाला विचारलं, "लग्न कधी?" शबाना म्हणाली, "साले साहब का पता लगे तो." मला घाम फुटला, कारण आता तो साला कोण हे पद्माला समजावून सांगावं लागणार होतं.

गोळ्या आणि वरण

मी दोन महिने रजा घेतली. गोळ्यांनी पहिल्या दोन आठवड्यांत तोंड कोरडं पडलं आणि झोप येत राहिली, हेही सांगायला हवं, नाहीतर कुणी घाबरून मधेच सोडेल. सोडू नका, डॉक्टरांना फोन करा. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी शोभानं केलेलं आंबट वरण मला आंबट लागलं. मी वाटी पुन्हा पुढं केली. ती वाटी भरायला आत गेली आणि स्वयंपाकघरातून तिचं गुणगुणणं ऐकू आलं.

डॉक्टरांनी वॉर्डात फोन करायला बंदी केली नाही. रोज एकदा, चार वाजता, पाच मिनिटं. मग एक दिवसाआड. मग आठवड्यातून एकदा. पहिल्या दिवशी पावणेचारपासून मी हातात फोन घेऊन बसलो होतो. काळजी वर चढते, वर चढते, आणि आपण काही केलं नाही तर आपसूक खाली येते. हे मी पेशंटना वर्षानुवर्षं सांगत होतो. स्वतःच्या बाबतीत ते खरं निघालं याचं मला आश्चर्य वाटलं.

आणि डॉक्टरांनी एक गृहपाठ दिला. घरातलं कुठलंही काम अर्धवट सोडून दुसऱ्याच्या हाती द्यायचं आणि परत बघायचं नाही. मी शोभाला म्हणायचो, "दूध एकदा तापलंय, साय वेगळी काढलीय, गॅस बारीक आहे." आणि खोलीबाहेर जायचो. तीन वेळा दूध उतू गेलं. मी बघायला गेलो नाही. चौथ्या वेळी गौरी म्हणाली, "बाबा, तुमची ट्रीटमेंट आम्हाला फार महाग पडतेय." शोभा हसत हसत ओटा पुसत होती. आमच्या घरात दीड वर्षात दोघी अशा एकत्र हसल्या नव्हत्या.

दुसऱ्या महिन्यात मी सुलतान बाजारच्या मराठी ग्रंथालयातून एक कादंबरी आणली. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. संध्याकाळी शोभानं दिवा लावला तेव्हा मी चौऱ्याऐंशीव्या पानावर होतो.

पहिला दिवस

कामावर परत गेलो तो सोमवार होता. माझ्याकडं सहा बेड होते, त्यात नऊ नंबरही. इन्चार्ज सिस्टरनं विचारलं होतं, बदलून देऊ का? मी नको म्हणालो. नऊ नंबरला ताप आलेले एक ऑटोवाले होते. सकाळभर त्यांची एकच तक्रार, की दवाखान्यात बिर्याणी का मिळत नाही.

दोन वाजता एक नवी सिस्टर हॅन्डओव्हर घ्यायला आली. किट आता नव्हतं, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, तरी प्रत्येक बेडपाशी तिनं छातीवर हात ठेवून "मेरा" म्हटलं. ही सवय कुणी लावली हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही, सांगेन कधीतरी. नऊ नंबरशी मी थोडा जास्त बोललो, तिनं निमूट ऐकलं. "मेरा," ती म्हणाली, आणि मी कपडे बदलायला गेलो.

गेटपाशी काळजी आलीच. ती येणार हे मला माहीत होतं. मी तिथं सिमेंटच्या कट्ट्यावर बसलो, श्वास मोजले, आणि ती उतरेपर्यंत थांबलो. वीसेक मिनिटं लागली असतील. मग बस पकडली.

घरी सगळे जेवायचे थांबले होते. गौरीनं मला पाहून फोन खाली ठेवला, हे फार क्वचित होतं. वाढताना शोभानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज नऊ नंबरला कोण होतं?"

"एक ऑटोवाले. ताप होता."

"किती?"

मी आठवून पाहिलं. सकाळी मीच मोजला होता, दोनदा मोजला होता, नव्या सिस्टरला सांगितलाही होता. शंभर होता की एकशे एक?

"नाव काय त्यांचं?" गौरीनं विचारलं.

नावही आठवेना. दोघी माझ्याकडं बघत होत्या. मी आणखी थोडा वेळ प्रयत्न केला.

"विसरलो," मी म्हणालो, आणि वरणाचं भांडं जवळ ओढलं.